छतातील दिवे आणि खारा वारा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येऊन रेवस बंदरात उतरणाऱ्या उतारूला खारा वारा सुखावतो. विजेच्या जोडण्यांना मात्र तो मानवत नाही. तांब्याच्या तारांवर कळंक चढतो, सांधा कमजोर होऊन तापू लागतो. स्वयंपाकघराच्या छतात भोके पाडून दिवे बसविले, की हा सांधा नजरेआड जातो. त्यातच माळ्यावर जुनी जाळी, सुंभ, गोणपाट रचण्याची सवय! कोंडलेली उष्णता तेथेच घात करते. ५० वॅटचा हॅलोजन दिवा लगतचे लाकूड करपवू शकतो. ७ वॅटचा एलईडी पुष्कळ सौम्य, तरी त्याचा ड्रायव्हरही तापतोच. म्हणून माळा आधी रिकामा करावा, दिव्याभोवती व वर मोकळी जागा राखावी, सांधे बंद पेटीत घ्यावेत. हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करवून घेणे इष्ट.