सेकंदांचा सौदा

गिटारसाठी मल्टी-इफेक्ट्स पेडल विकत घ्यावयास निघालेला तरुण सल्ल्यासाठी माझ्याकडे आला, की यंत्राचा नाद कसा आहे, पायाखाली खटके किती आहेत, पॅच बदलताना आवाज तुटतो की काय, यांपैकी एकही चौकशी न करता, माहितीपत्रकातील एका ओळीवर बोट ठेवून तो विचारतो, ‘काका, ह्याचा लूपर तीस सेकंदांचा, त्याचा ऐंशीचा, म्हणजे तेच चांगलं ना?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की उत्तर देताना सौजन्य राखणे अलीकडे जड जाऊ लागले आहे.

लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा नोंदवून तोच पुनःपुन्हा फिरवणारी सोय, आणि हे सेकंद म्हणजे त्या तुकड्याची, लूपची, कमाल लांबी. मुळात सेकंदांवरून यंत्राची प्रत ठरते हा समज त्या माहितीपत्रकांतील आकड्यांपुढेच टिकत नाही. झूमच्या जी१ फोरमध्ये लूपची कमाल मर्यादा ३० सेकंद, बॉसच्या जीटी-१मध्ये ३२, आणि त्याच बॉसच्या जीटी-१०००मध्ये, ज्याची किंमत जीटी-१च्या कितीतरी पट आहे, ३८. म्हणजे एवढी रक्कम जादा मोजून पदरात पडतात ते सहा सेकंद. उलट झूमच्या जी५एनमध्ये ८० आहेत, म्हणून ते जीटी-१०००च्या दुपटीने चांगले, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

आता हे सेकंद खर्ची कसे पडतात त्याचा हिशेब मांडू. बारा बारांचा ब्ल्यूज घ्या: मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो, आणि बारा बार बरोबर ३० सेकंदांत बसतात. लय ९५वर आणली की तेच आवर्तन ३०.३ सेकंदांचे होऊन जी१ फोरची हद्द ओलांडते. ३२ सेकंदांचे यंत्र ९० ठोक्यांपर्यंत साथ देते. ८० सेकंद ह्याच बारा बारांनी भरून काढायचे, तर लय मिनिटाला ३६ ठोक्यांची हवी, आणि त्या गतीने ब्ल्यूज वाजवणारा इसम मला अद्याप भेटावयाचा आहे. सेकंदांची खरी निकड भासते ती आपल्याकडच्या विलंबित लयीत: लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी सुरावट, नोंदवून त्यावर रियाज करू इच्छिणाऱ्याने मध्यलय त्रितालाची सोळा मात्रांची फेरी, मात्रा सेकंदाची धरून, १६ सेकंदांत सहज उरकावी, परंतु विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली की आवर्तन ४८ सेकंदांचे होते, आणि तेथे जीटी-१०००देखील हात टेकते. अशा साधकाने सेकंद अवश्य मोजावेत. बाकीच्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की लाइन ६ने १९९९ साली काढलेल्या डीएल४ ह्या हिरव्या पेडलचा लूप पूर्ण गतीने अवघा १४ सेकंदांचा होता, आणि तेवढ्या भांडवलावर रेगी वॉट्ससारख्या कलावंताने नुसत्या कंठातून ताल, खर्ज आणि सुरावट एकावर एक रचीत रंगमंच गाजवला.

ज्यांना तासांचे हिशेब हवेत त्यांच्यासाठी स्वतंत्र लूपर आहेत. बॉसच्या आरसी-५मध्ये सुमारे १३ तासांचे ध्वनिमुद्रण मावते, आणि साठवून ठेवले की वीज गेली तरी ते शाबूत राहते. मल्टी-इफेक्ट्समधल्या लूपरची स्मृती बहुधा क्षणभंगुर असते. यंत्र बंद केले की रात्रभर जमवलेले सारे नाहीसे होते, आणि ही गोष्ट विक्रेता बिनदिक्कत गाळतो.

एकाच लूपवर थर चढवीत गेल्याने सेकंद संपतात, हेही खोटे. प्रत्येक नवा थर पहिल्याच तुकड्यात मिसळला जातो, लांबी वाढत नाही. शेवटचा थर पुसण्याची सोय मात्र जुन्या तुकड्याची दुसरी प्रत राखून ठेवते, आणि म्हणून काही यंत्रांत ती सुरू ठेवल्यास मुदत कमी होते. स्टिरिओलाही दुप्पट जागा लागते, हे सांगणे न लगे.

पॅच बदलला तरी लूप फिरतच राहणार, हाही एक भाबडा भरवसा: लाइन ६च्या हेलिक्समध्ये नव्या प्रीसेटमध्ये, म्हणजेच पॅचमध्ये, तोच लूपर ब्लॉक नसेल, तर लूप तेथल्या तेथे थांबतो. आणि नोंदलेल्या तुकड्याचा नाद मागाहून पालटतो की नाही, हे लूपर इफेक्ट्सच्या साखळीत कोठे बसवला आहे त्यावर अवलंबून. तो डिस्टॉर्शनच्या आधी असेल, तर डिस्टॉर्शन सुरू करताच मागची सौम्य साथही खरखरू लागते.

गेल्या पावसाळ्यात असाच एक जण ८० सेकंदांचे यंत्र घेऊन माझ्या घरी आला. मी त्याला ९६च्या लयीत केवळ चार बार नोंदवावयास सांगितले. लूप पूर्ण करण्याचा खटका पाचव्या बाराच्या पहिल्या ठोक्यावर दाबावयाचा असतो. ह्याचा पाय चौथ्या बाराच्या चौथ्या ठोक्यावरच पडे, आणि सोळा ठोक्यांची साथ पंधरांची होऊन दर फेरीत एक पाऊल गिळी. पाच-सहा वेळा असे झाल्यावर त्याने यंत्र उलटे करून तळाशी काही बिघाड दिसतो का ते पाहिले. मग मी टाळी देत राहिलो, त्याने मोठ्याने एक ते सोळा मोजले, पुढच्या ‘एक’वर पाय टाकला, आणि लूप जुळला, त्यास ऐंशीपैकी दहा सेकंद लागले होते.