पर्णपृष्ठावरील सूक्ष्मजीव

वनस्पतींच्या पानांवर आणि काही अंशी पानांच्या आतील पोकळ्यांत वस्ती करणाऱ्या सूक्ष्मजंतू, यीस्ट, तंतुमय कवके इ. जीवांच्या समूहाला ही संज्ञा देतात. त्यांच्या अधिवासाला पर्णपरिवेश म्हणतात. ही संकल्पना एफ्. टी. लास्ट यांनी १९५५ मध्ये व याकोबा रूनेन यांनी १९५६ मध्ये मांडली. हे जीव पानावर केवळ योगायोगाने येऊन पडलेले नसतात. ते व पोषक वनस्पती एकमेकांच्या जीवनक्रमावर परिणाम करतात.

अधिवास : पान हे सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने खडतर ठिकाण होय. दिवसा ऊन, जंबुपार किरण व शुष्कता, रात्री दव आणि अधूनमधून धुवून नेणारा पाऊस यांना त्यांस तोंड द्यावे लागते. मेणचट उपत्वचेवर पाणी टिकत नाही व तीमधून पाझरणारी शर्कराही अत्यल्प असते. तरीही पानाच्या १ चौ. सेंमी. क्षेत्रावर १० लाख ते १ कोटी सूक्ष्मजंतू आढळू शकतात. ते सर्वत्र सारखे विखुरलेले नसून केसांच्या बुडाशी, शिरांलगतच्या खाचांत व पर्णरंध्रांभोवती चिकट आवरणात एकत्र राहतात. पुष्कळांच्या कोशिकांतील रंगद्रव्ये त्यांचे किरणांपासून रक्षण करतात. काही जाती पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये स्रवून पाणी पानावर पसरवितात.

देवाणघेवाण : वाढत्या पानाच्या कोशिकाभित्तींतील पेक्टिनात बदल होताना मिथेनॉल निर्माण होते व ते पर्णरंध्रांतून बाहेर पडते. मिथिलोबॅक्टीरियम प्रजातीतील गुलाबी सूक्ष्मजंतू त्याचा अन्न म्हणून उपयोग करतात. त्यांपैकी काही ऑक्सिन व सायटोकायनीन यांसारखी वनस्पतींची वाढ नियंत्रित करणारी द्रव्ये तयार करतात.

प्रवेश व प्रतिकार : पर्णरंध्रे ही आत शिरण्याची मुख्य द्वारे होत. महाराष्ट्रात डाळिंबावरील तेल्या व कागदी लिंबावरील खैऱ्या या रोगांचे झँथोमोनास प्रजातीतील सूक्ष्मजंतू त्यांवाटे, तसेच जखमांवाटे, पानात शिरतात. ही द्वारे मात्र निष्क्रिय नसतात. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत सूक्ष्मजंतूंच्या कशाभिकेतील प्रथिनाची चाहूल लागताच पर्णरंध्रे मिटतात आणि स्यूडोमोनास सिरिंगी हा रोगकारक कोरोनॅटीन नावाच्या विषद्रव्याने ती पुन्हा उघडतो, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले.

हाच सूक्ष्मजंतू दुसऱ्या प्रकारेही हानी करतो. पानावरील पाणी ०° से.च्या खाली काही अंशांपर्यंत न गोठता राहू शकते. परंतु त्याच्या काही वाणांच्या पृष्ठावरील प्रथिन बर्फस्फटिकांचे बीज ठरते व −२° ते −५° से. तापमानातच बर्फ बनून ऊतके फुटतात. या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या वाणाची शेतातील चाचणी १९८७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाली. पानावरील जागा व अन्न निरुपद्रवी वाणाने आधीच व्यापावे, म्हणजे उपद्रवी वाणाला वाव राहत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

संतुलन : निवासी सूक्ष्मजीवांमुळे मिळणारे संरक्षण अन्यत्रही आढळते. स्फिंगोमोनास प्रजातीतील काही वाण आधी वसविल्यास अरॅबिडॉप्सिसवर स्यूडोमोनास सिरिंगीमुळे होणाऱ्या रोगाची तीव्रता कमी होते, असे २०११ मध्ये आढळले. उलट, प्रतिकारक्षमतेशी व कोशिकांतर्गत वाहतुकीशी संबंधित जनुके निकामी केलेल्या याच वनस्पतीच्या पानांत सूक्ष्मजंतूंची संख्या व प्रमाण बिघडते आणि बाहेरचा विशिष्ट रोगकारक नसतानाही ऊतके पिवळी पडून मरतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. यावरून वनस्पतीची प्रतिकारशक्ती केवळ शत्रूला रोखत नाही, तर नेहमीच्या रहिवाशांनाही मर्यादेत ठेवते, हे स्पष्ट होते.

कृषीतील महत्त्व : ताम्रयुक्त कवकनाशके व प्रतिजैविके यांच्या फवाऱ्याने रोगकारकांबरोबर उपकारक रहिवासीही नष्ट होऊ शकतात आणि वारंवार वापराने रोगकारकांत त्यांना दाद न देणारे वाण निपजतात. त्यामुळे फवारणी गरजेपुरतीच ठेवणे, रोगट पाने व फांद्या काढून टाकणे आणि उपकारक वाणांचा वापर करणे, यांची सांगड घालावी लागते. अमेरिकेत नासपतीवरील अग्निकरपा व हिमबाधा यांविरुद्ध स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सचा एक वाण व्यापारी प्रमाणावर वापरात आणला गेला आहे. मात्र प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेला वाण ऊन, वारा व पाऊस यांना तोंड देत पानावर टिकेलच असे नाही. ही या उपायाची मुख्य मर्यादा होय.