आधारचा पाया खुला, यंत्र मात्र बंदिस्त

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. या योजनेमागील संगणकप्रणाली उभारताना एका गोष्टीवर कटाक्ष होता: कोणत्याही एका कंपनीच्या मुठीत सापडायचे नाही. त्यासाठी लिनक्स, हदूप यांसारख्या मुक्त प्रणालींचा आधार घेण्यात आला. बोटांचे ठसे व बुबुळांच्या छाननीचे काम तर तीन कंपन्यांत विभागले गेले. जिची कामगिरी सरस, तिला अधिक काम. सरकारी खरेदीत असा व्यवहारीपणा विरळाच.

नागरिकाच्या हाताशी येणाऱ्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी. पूर्वी ठसे घेणारे यंत्र प्रमाणित असले की पुरत असे. साठवलेले ठसे पुन्हा वापरून फसवणूक होऊ नये, म्हणून २०१७ मध्ये नोंदणीकृत यंत्रांची सक्ती आली. आता ठसा घेतानाच सांकेतिक रूपात बंद होतो आणि त्यावर त्या यंत्राची डिजिटल सही उमटते. सुरक्षितता वाढली, हे निर्विवाद. पण नोंदणी नसलेले यंत्र चालू असूनही पडताळणीस निरुपयोगी ठरले.

शेतात राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्या मजुराचा ठसा रेशन दुकानातील यंत्र नाकारते, तेव्हा दुकानदाराला त्या बंदिस्त यंत्रात काही करता येत नाही. पुन्हा बोट ठेवायला सांगणे, किंवा बुबुळ अथवा मोबाइलवरील सांकेतिक क्रमांकाची सोय असल्यास तिचा आश्रय घेणे, असे मार्ग त्याच्या हाती उरतात.