कल्ले लाल म्हणजे मासा ताजा? मासळीबाजारातले पाच गैरसमज

मासळीबाजारात आपली परीक्षा ठरलेली असते: कल्ले उचलून बघायचे, लाल दिसले की पिशवी उघडायची. पण आपल्या पोटाला काय बाधतं आणि समुद्रातली मासळी कशामुळे कमी होते, हे दोन्ही कळायला थंडावा, आकार आणि हंगाम पाहावा लागतो.

गैरसमज १ : कल्ले लाल असले की मासा ताजाच.
वस्तुस्थिती : नुसत्या लालीवर विसंबू नका. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, पोट घट्ट हवं. अंगावर बोट दाबून काढलं की खळगा लगेच भरून यायला हवा. अमोनियासारखा उग्र वास आला तर मासा घेऊ नका. २०१८ मध्ये गोव्यात मासे टिकवण्यासाठी फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) वापरल्याच्या बातम्यांनी खळबळ उडाली, तेव्हापासून ग्राहक धास्तावले आहेत. मात्र बोंबलात मेल्यानंतर फॉर्मल्डिहाइड आपसूकही तयार होतं. त्यामुळे त्याचा अंश सापडला म्हणजे भेसळच, असं नाही.

गैरसमज २ : बर्फातला मासा शिळा, आणि शिळा असला तरी नीट शिजवला की चालतो.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. पकडल्याबरोबर बर्फात गेलेला मासा उन्हात पाटीवर पडलेल्या माशापेक्षा कितीतरी चांगला. बांगडा, तारली, कुपा यांना थंडावा मिळाला नाही तर त्यांच्या मांसात हिस्टामिन साठतं. ते तळून, उकळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, आणि आपण त्याला ‘अॅलर्जी’ म्हणून मोकळे होतो. गढूळ, दूषित खाडीतल्या तिसऱ्या-कालवांचंही तसंच. शिजवल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत.

गैरसमज ३ : बाळंतिणीला दूध येण्यासाठी मुशीच हवी.
वस्तुस्थिती : कोकण-गोव्यात ही समजूत जुनी आहे. पण मुशी म्हणजे शार्क, शिकारी मासा. ती ज्या माशांवर जगते, त्यांच्यातला पारा तिच्या अंगात साठत जातो, आणि मुशी जितकी मोठी तितका तो जास्त. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना शार्क टाळायलाच सांगतं. शिवाय मुशी उशिरा वयात येते आणि पिल्लं थोडी देते, त्यामुळे तिची घट लवकर भरून निघत नाही. बाळंतिणीच्या ताटात ताजी तारली किंवा बांगडा द्या. त्यात ओमेगा-३ भरपूर, पारा कमी, आणि भावही परवडणारा.

गैरसमज ४ : लहान पापलेटं स्वस्त मिळतात, घेतली तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती : तळहातात मावणारं पापलेट एकदाही अंडी न घालता ताटात आलेलं असतं. पापलेट घटत चाललं म्हणूनच २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला. यात दोष फक्त ट्रॉलरचा नाही. बारीक आसाच्या पारंपरिक डोल जाळ्यातही पिल्लं अडकतात. वाट्यावरची पिल्लं विकली जातात, तोवर ती पकडली जाणारच.

गैरसमज ५ : पावसाळ्यातली मासेमारी बंदी ही श्रावणापुरती रीत.
वस्तुस्थिती : पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना कायद्याने बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा तो विणीचा काळ असतो. बिगरयांत्रिक होड्यांना यातून सूट आहे. या दोन महिन्यांत मोठी ताजी सुरमई कुणी पुढे केली, तर ती कुठून आली हे जरूर विचारा. तोवर सुकट, सुके बोंबील किंवा गोड्या पाण्यातला रोहू-कटला आहेच.

गिऱ्हाईक मागतं तेच पाटीत येतं. तेव्हा भाव करण्याआधी बर्फ पाहा, मासा कुठला ते विचारा, आणि लहान पापलेटांचा वाटा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.