युरिडिसीचें मन

सर्पदंशानें निवर्तलेल्या युरिडिसीस आणावयास ऑर्फियस यमलोकीं गेला. परततांना मागें पाहावयाचें नाहीं, ही अट त्यास पाळवली नाहीं, व ती कायमची अंतरली. ही ग्रीक कथा वाचकांस ठाऊक असेलच. ग्लुकनें १७६२ सालच्या आपल्या संगीतिकेंत तिला पुनः जिवंत केलें. (सीतारामांचें पुनर्मीलन घडविणाऱ्या भवभूतीस हें रुचलें असतें!) ऑफेनबाखनें १८५८ सालीं हें दांपत्य परस्परांस विटलेलें दाखविलें, केवळ लोकलज्जेस्तव बायकोस आणावयास निघालेला हा नवरा पाहून पॅरिस हंसलें.

पण तिला काय वाटलें असेल? जर्मन कवि रिल्के ह्याच्या १९०४ सालच्या कवितेंत ती मृत्यूनेंच तृप्त, आत्ममग्न आहे; पतीनें वळून पाहिलें असें सांगितलें, तरी तो कोण हें तिला उमगतच नाहीं. सावित्रीच्या कथेवर वाढलेले आम्ही तें वाचून कांहीं वेळ स्तब्ध झालों.