रात्रीचे स्तन्यापनयन : ‘क्रमेण’ या शब्दाचे मोल

बालरोगांच्या ग्रंथोक्त यादीत स्वतंत्रपणे न सापडणारी, परंतु चिकित्सालयात वारंवार समोर येणारी एक तक्रार आहे. मूल दीड-पावणेदोन वर्षांचे झालेले असते. ते चालते, दोन-चार शब्द बोलते, दिवसा वरणभात खाते. परंतु रात्री चार-पाच वेळा उठून अंगावर पिते. प्यायल्याशिवाय त्याचा डोळा लागत नाही आणि स्तन तोंडातून सुटला की ते पुन्हा जागे होते. माता नोकरी करणारी असो वा शेतात राबणारी, कित्येक महिन्यांत तिला सलग तीन तासांची झोप मिळालेली नसते. “डॉक्टर, रात्रीचं दूध तोडायचं आहे, काहीतरी औषध द्या,” एवढेच तिचे म्हणणे असते.

असे औषध नाही. क्रम मात्र आहे, आणि तो आपल्या संहितांत स्पष्ट सांगितलेला आहे. त्याचे महत्त्व आम्हांस उशिरा उमगले. व्यवसायात नव्याने येणाऱ्या वैद्यमित्रांना तो उशीर होऊ नये, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आमच्या हातून झालेली चूक

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन एक माता आली. ती अत्यंत थकलेली होती. “एकदाच मन घट्ट करा आणि बंद करून टाका,” असा सल्ला आम्ही दिला. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यावर आपली भर घातली. स्तनाग्राला कोरफडीचा गर लावला, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा मुलाला आईपासून दूर आजोळी ठेवले.

चौथ्या दिवशी ती माता परत आली ती ज्वर घेऊन. उजवा स्तन दगडासारखा कठीण, आरक्त व स्पर्शासह झाला होता. पाकावस्था येण्यापूर्वी उपचार झाले म्हणून शस्त्रकर्म टळले. मुलाची अवस्था अधिक विचार करायला लावणारी होती. आजोळी ते पहिले दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी गप्प झाले आणि जेवेनासे झाले. घरी आल्यावर ते आईला क्षणभरही नजरेआड होऊ देईना. ज्या झोपेसाठी हा खटाटोप केला, ती झोप पुढचे कित्येक आठवडे त्या घरात कुणालाच मिळाली नाही.

चूक त्या मातेची नव्हती, घरच्यांचीही नव्हती. सल्ला आमचा होता. त्यानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले.

शास्त्र काय सांगते

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात बाल्यावस्थेचे तीन टप्पे सांगितले आहेत : एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यानंतर अन्नाद. म्हणजे दुसऱ्या वर्षात अन्न आणि दूध ही दोन्ही बालकाची स्वाभाविक आहारद्रव्ये आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने केवळ स्तन्य आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे वा अधिक काळ स्तन्यपान चालू ठेवण्यास सांगते. म्हणून दीड वर्षाच्या मुलाचे ‘दूध तोडणे’ हे उद्दिष्ट असू नये. रात्रीचे पिणे कमी करून दिवसाचे चालू ठेवणे, हा भेद मातेला पहिल्याच भेटीत समजावून द्यावा. पुष्कळ मातांना हा मधला मार्ग आहे, हेच ठाऊक नसते.

वाग्भटाचार्यांनी उत्तरतंत्राच्या पहिल्याच अध्यायात, दात आलेल्या बालकास स्तनापासून ‘क्रमेण’ दूर करावे आणि त्यास दूध व लघु-बृंहण अन्न द्यावे, असे सांगितले आहे. ‘क्रमेण’ हा शब्द आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि व्यवहारात विसरतो.

हा क्रम कसा असावा याची दिशा चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवेगान्धारणीय अध्यायात मिळते. सवयीचे झालेले अहितकर द्रव्य एक-एक पादांश सोडावे, हितकर द्रव्य त्याच मापाने वाढवावे, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढवीत न्यावे, असा तो पादांशिक क्रम. स्तन्य हे अपथ्य नव्हे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. परंतु सात्म्य झालेली कोणतीही गोष्ट सहसा सोडली असता विकार उत्पन्न होतात, हे त्यामागील तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते. बालकाला सात्म्य झालेले असते ते केवळ दूध नव्हे; आईचा गंध, स्पर्श, ऊब आणि त्यासह येणारी निद्रा हे सारे एकत्र सात्म्य झालेले असते.

आधी परीक्षण

क्रम सांगण्यापूर्वी मूल रात्री का उठते हे पाहावे. दिवसाचा आहार अपुरा असेल तर ते क्षुधेने उठते. गुदकंडू असल्यास कृमींचा विचार करावा. नाक चोंदणे, कास, कर्णशूल, मलावष्टंभ यांची विचारणा करावी. वजन घ्यावे, नेत्रवर्त्म व नखे पाहावीत. केवळ दुधावर राहणाऱ्या मुलांत पांडुता वारंवार आढळते. माता पुन्हा गर्भवती आहे का, हेही विचारावे. कृश, मंदाग्नी व उदरवृद्धी असलेल्या अशा बालकात पारिगर्भिकाचा विचार करून दीपन चिकित्सा प्रथम करावी लागते.

दात येत असताना किंवा मूल आजारी असताना हा उपक्रम सुरू करू नये. दंतोद्भेदाच्या काळात बालकावर अति निर्बंध घालू नयेत, कारण दात आल्यावर हे विकार आपोआप शमतात, हा वाग्भटाचार्यांचा उपदेश येथे फार उपयोगी पडतो. घर बदलणे, मातेचे नोकरीवर रुजू होणे, धाकट्या भावंडाचा जन्म या काळातही थांबणेच श्रेयस्कर.

प्रत्यक्ष क्रम

आम्ही मातेला प्रथम तीन रात्री केवळ मोजायला सांगतो : मूल किती वेळा उठले आणि साधारण किती वेळ प्यायले. समजा, चार वेळा. तो आपला पूर्ण अंश. त्यातील एक वेळ म्हणजे एक पाद.

पहिला पाद सोडण्यापूर्वी हितकर बाजू वाढवावी. सायंकाळचे जेवण झोपण्यापूर्वी तासभर आधी द्यावे : मऊ मुगाची खिचडी व तूप, नाचणीची पेज, भाकरी कुस्करून वरणात कालवलेली. दिवसाच्या खाण्यासाठी वाग्भटाचार्यांनी स्तन सोडलेल्या बालकाकरिता सांगितलेला प्रीणन मोदक आजही उत्तम आहे. चारोळीचा मगज, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्या व खडीसाखर यांचे बारीक चूर्ण मधात मळून लहान गोळ्या कराव्यात व त्या कुस्करून द्याव्यात, म्हणजे घशात अडकणार नाहीत. वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. हा मोदक गोड असल्याने दिवसाच द्यावा, रात्री नव्हे.

झोपण्यापूर्वी कोमट तेलाने पादाभ्यंग करावा. त्यानंतर दिवा चालू असतानाच बाळाला पोटभर पाजावे, दात पुसून घ्यावेत, मग दिवा मालवून थोपटत, गाणे म्हणत झोपवावे. पिणे आणि झोपणे यांत हे थोडेसे अंतर पाडणे हाच या क्रमाचा कणा आहे. स्तन तोंडात असतानाच झोपी गेलेले मूल मध्यरात्री जागे झाल्यावर तीच स्थिती शोधते.

यानंतर रात्रीच्या वेळांपैकी सर्वांत सोपी वेळ, बहुधा मध्यरात्रीपूर्वीची, प्रथम सोडावी. त्या वेळी मूल उठल्यास पित्याने अथवा आजीने घ्यावे, पेल्याने दोन घोट पाणी द्यावे, थोपटावे. मूल रडेल, परंतु कुणाच्या तरी कुशीत रडणे आणि एकटे रडणे यांत मोठे अंतर आहे. उरलेल्या वेळी न कुरकुरता पाजावे, मात्र दर दोन रात्रींनी पाजण्याचा अवधी थोडा कमी करावा. तीन-चार रात्रींनी ही पायरी स्थिर झाली की दुसरा पाद. पुढच्या पायरीला आणखी एक-दोन रात्री अधिक द्याव्यात. मध्येच ताप-सर्दी झाली तर एक पायरी मागे यावे. मागे येणे म्हणजे अपयश नव्हे.

काय करू नये

कडुनिंब, कोरफड, मिरची स्तनाला लावू नये. ज्या ठिकाणी बालकाला आजवर केवळ विश्वास मिळाला, त्याच ठिकाणी त्याची फसवणूक होते. मिरचीने दाहही होतो. ‘बागुलबुवा येईल’ अशी भीती घालू नये. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या जातिसूत्रीय अध्यायात निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. मुलाला दूर पाठवू नये. स्तनाऐवजी दुधाची बाटली देऊ नये. एक सवय जाऊन दुसरी लागते आणि रात्रभर दुधात बुडालेले दात किडतात. झोपेसाठी जायफळ अधिक प्रमाणात उगाळून देणे किंवा सर्दीचे गुंगी आणणारे औषध पाजणे ही तर घातक प्रथा आहे. तिच्याबद्दल न विचारताही सांगावे.

मातेकडे लक्ष

आपण बालकाचा विचार करतो आणि मातेला विसरतो. पिणे कमी होत असता स्तन भरून आल्यास आराम वाटेल एवढेच दूध हाताने काढावे; पूर्ण रिकामे केल्यास पुन्हा तितकेच भरते. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. शतावरीसारखी स्तन्यजनन द्रव्ये चालू असल्यास थांबवावीत. स्तनात कठीण गाठ, आरक्तता, ज्वर दिसल्यास विलंब न करता तपासणीस यावे, हे पहिल्या दिवशीच बजावून ठेवावे.

मनाचेही आहे. “मी त्याला माझ्यापासून तोडतेय का?” हा प्रश्न अनेक माता दारापर्यंत जाऊन, मागे वळून विचारतात. निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक आहे आणि तो मातेच्याही शरीराला लागू आहे, एवढे सांगितले तरी तिच्या चेहऱ्यावरचा भार उतरतो.

एक अलीकडचा अनुभव

गेल्या वर्षी एक शिक्षिका आपल्या एकोणीस महिन्यांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी रात्री पाच वेळा उठत असे. परीक्षणात गुदकंडू आढळला. प्रथम कृमिचिकित्सा केली आणि तेवढ्यानेच एक जाग कमी झाली. नंतर वरील क्रम सुरू केला. सासूबाई सोबत होत्या. “आमच्या वेळी कडुनिंब लावला की दोन दिवसांत काम व्हायचं,” त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना विरोध केला नाही. मध्यरात्रीपूर्वीची थोपटण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली. तिसऱ्या आठवड्यात मुलीला ताप आला आणि सारे एक पायरी मागे गेले. साधारण सहा आठवड्यांनी रात्रीच्या तीन वेळा सुटल्या. पहाटे पाचची एक वेळ उरली.

तीही सोडवायची का, असे आम्ही विचारले. त्या बाई हसून म्हणाल्या, “नको डॉक्टर. आता माझी झोप होते. दोन वर्षांची होईपर्यंत ती एक वेळ आमची दोघींची राहू दे.”

आम्ही ते तसेच राहू दिले. क्रमाचे शेवटचे पाऊल कुठे थांबवायचे, हे ठरवण्याचा अधिकार मातेचा आहे. वैद्याने तिला घाईपासून वाचवावे, एवढेच त्याचे काम. वैद्यबंधू-भगिनींनी आपापले अनुभव या दृष्टीने पडताळून पाहावेत, ही नम्र विनंती.