सतराव्या लेण्यातले आकाश

जळगावला गाडीतून उतरून अजिंठ्याला निघालेल्या पाहुण्याला आधी पद्मपाणी पाहायचा असतो. पहिल्या लेण्यात तो रेंगाळतो, आणि सतराव्या लेण्यापर्यंत येईस्तोवर पाय बोलू लागलेले असतात. मग ओसरीत एक नजर टाकून तो पुढे सरकतो. वाईट एवढ्याचेच वाटते, कारण खानदेशाच्या आसपासचे सर्वात सुंदर आकाश त्याच ओसरीच्या भिंतीवर रंगवलेले आहे.

दारावर ओळीने आठ बुद्ध. दाराच्या डाव्या अंगाला इंद्र आपला अप्सरा-वादकांचा लवाजमा घेऊन ढगांतून निघालेला. पंख एकालाही नाहीत. मग ही मंडळी उडताहेत हे कळते कशावरून? इंद्राच्या गळ्याकडे नीट पाहावे. मोत्यांचे सर छातीवर सरळ लोंबत नाहीत, एका बाजूला फेकले गेले आहेत. आखाजीला झोका पुढे झेपावताना पोरीच्या गळ्यातली पोत मागे राहते, अगदी तसे. पाय गुडघ्यात दुमडलेले, मागे निळ्या-पांढऱ्या ढगांच्या वळ्या. दाराच्या उजवीकडे फेटा बांधलेली अप्सरा आहे. तिच्याही हारांना तोच हेलकावा. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी हे रंग साधे. पण अजिंठ्याच्या चित्रांतला गडद निळा म्हणजे लाजवर्द, थेट अफगाणिस्तानाकडून आलेला दगड. दागिन्याच्या वजनातून वेग दाखवणारा हा चित्रकार जगातल्या कुठल्याही उस्तादाच्या पंक्तीत बसेल.

रोमन पुराणातले देव युरोपीय चित्रकारांनी असेच आभाळात नेले. रोममधल्या कीजी चॅपेलच्या घुमटात राफाएलच्या आराखड्यावरून १५१६ साली ग्रहदेवतांचे मोझेक झाले. १५७५च्या सुमारास तिंतोरेत्तोने आकाशगंगेचा जन्म रंगवला: ज्युपिटर बाळ हर्क्युलिसला ज्युनोच्या छातीशी नेतो आणि उडालेल्या दुधाचे तारे होतात.

तिंतोरेत्तोचा ज्युपिटर झेपावतो, अंगावरचे वस्त्र फडफडते. अजिंठ्याचा इंद्र त्याच्याहून हजारेक वर्षांनी वडील, आणि कितीतरी शांत. घाई नसलेला वेग रंगवणे जास्त अवघड.

याच ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर एका मोठ्या चक्राचे अवशेष आहेत. ते बौद्धांचे भवचक्र. पण जुन्या इंग्रज अभ्यासकांना ते राशिचक्र वाटले आणि सतरावे लेणे बराच काळ ‘राशिचक्राचे लेणे’ म्हणून ओळखले गेले. पाश्चात्त्य डोळ्याला त्यात मेष-वृषभ दिसावेत हे समजण्यासारखे आहे.

लेणे कोरवून घेतले ते वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिक राजाने, पाचव्या शतकात. त्याचा धाकटा भाऊ गेला आणि त्या दुःखातून तो दानधर्माकडे वळला, असे तिथला शिलालेख सांगतो. त्याचा ऋषिक देश म्हणजे आपला खानदेशच, असे संशोधक मानतात. लेण्यांखालून वाहणारी वाघूरही पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. जिल्ह्याची हद्द लेण्यांच्या अलीकडे संपते, नाते संपत नाही.

चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमलेला रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारीही शेवटी इकडचाच झाला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तरी तो परत आला, कॅमेरा आणि कुंचला घेऊन पुन्हा कामाला लागला. १८७९ साली तो गेला. भुसावळला त्याची कबर आहे.

लेणी सोमवारी बंद असतात. इतर दिवशी सकाळी लवकर फर्दापूर गाठावे, पहिली लेणी परतीच्या वाटेवर ठेवावीत आणि पाय ताजे असतानाच सतराव्याच्या ओसरीत जाऊन उभे राहावे.